नासपतीची अढी

बदलीच्या नोकरीत माणसाबरोबर ज्या वस्तू गावोगाव फिरतात, त्यांत काही गरजेच्या असतात, काही हौसेच्या असतात, आणि काही अशा असतात की त्या आपल्याबरोबर का आहेत, याचे उत्तर घरातील कोणापाशीच नसते. आमच्या बिऱ्हाडात या तिसऱ्या वर्गात मोडणारी वस्तू म्हणजे विजेची भट्टी. दुकानदार तिला ओटीजी म्हणतात. २००९ साली राजकोटला असताना कन्येच्या वाढदिवसानिमित्त ती घेतली. तिच्यात दोन केक झाले. पहिला वर करपला आणि आत कच्चा राहिला. दुसऱ्याच्या वाट्याला नेमके उलटे भाग्य आले. त्यानंतर ती भट्टी गोधडीत गुंडाळून शिलाँगला गेली, तेथून ग्वाल्हेरला गेली, आणि २०२२ मध्ये आमच्याबरोबर कालका स्टेशनाच्या पुढची नागमोडी चढण चढून सिमल्यास आली. एवढ्या काळात तिच्यात पापड, पोहे आणि जुनी वीजबिले यांखेरीज दुसरे काही ठेवले गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. दुसऱ्यांच्या हिशेबांत निरुपयोगी साहित्य दिसले की ‘निर्लेखनाचा प्रस्ताव का पाठविला नाही?’ अशी पृच्छा करण्यात आमची उभी हयात गेली. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र ही पृच्छा आम्ही कधी केली नाही.

ती भट्टी २०२४ च्या श्रावणात पुन्हा पेटली. कशी पेटली, ते सांगण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आषाढात आमच्या सौ. कन्येच्या बाळंतपणासाठी पुण्यास गेल्या. घरात आम्ही आणि आई असे दोघेच उरलो. आईचे वय ब्याऐंशी. नाना गेल्यावर नऊ वर्षे ती वाईस गणपती आळीतल्या घरात एकटी राहिली. भाऊबंद जवळ होते, कृष्णेचा घाट जवळ होता, आणि आम्ही दूर होतो, ही व्यवस्था तिच्या अंगवळणी पडली होती. पुढे अंगणात पाय घसरून तिचे मनगट मोडले, आणि आम्ही जाऊन तिला घेऊन आलो. तिने विरोध केला नाही. घराला कुलूप लावताना ते दोनदा ओढून पाहिले, किल्ली कनवटीस लावली, आणि ‘चला’ म्हणाली. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिने सिमल्याविषयी एकही तक्रार केली नाही. थंडीविषयी नाही, चढाविषयी नाही, माकडांविषयीही नाही. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांना ठाऊक असेल, की तक्रार करणारे माणूस सांभाळणे सोपे असते.

सौ. गेल्यावर आईचे जेवण उतरले. एका पोळीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर. स्वयंपाकाला येणारी बाई मूळची रोहडूकडची. तिच्या हाताला चव आहे, पण आमटीला ती आमटी म्हणू देत नाही, आणि आईही त्या दालला आमटी मानीत नाही. आम्ही वैद्य पाहिले, डॉक्टर पाहिले. ‘वयोमानानुसार’ हा शब्द दोघांनीही वापरला. आमच्या खात्यात एखादी बाब मिटवायची असली म्हणजे ‘नोंद घेतली’ असे लिहितात. हा शब्द त्याच जातीचा वाटला.

श्रावण हा आमच्या घरी तसाही जड महिना. नाना २०१३ च्या श्रावणात गेले. तेव्हा आम्ही शिलाँगला होतो. पहाटे दूरध्वनी आला. त्या आठवड्यात पाऊस असा होता की गुवाहाटीच्या वाटेवर दरड कोसळून वाहतूक थांबलेली. शंभर किलोमीटरांचा तो रस्ता उतरायलाच दीड दिवस गेला. विमान, मग दुसरे विमान, मग पुणे, मग मोटार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाईच्या दारात उभे राहिलो, तेव्हा करायचे ते सर्व चुलतबंधूंनी केलेले होते. ओसरीवर बसलेल्या एका वयस्क नातलगांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘शेवटपर्यंत तुझी वाट पाहत होते रे.’ आई आत होती. ती काही म्हणाली नाही. तेव्हाही नाही, आणि नंतर अकरा वर्षांतही नाही. परमुलखात नोकरी करणाऱ्या वाचकांपैकी कितीजणांच्या पदरी असे एखादे वाक्य पडले असेल, ते आम्हांस ठाऊक नाही. ते वाक्य बदलीबरोबर हिंडते. त्याला गोधडीत गुंडाळावे लागत नाही, एवढेच.

असो. आमच्या सरकारी निवासाच्या आवारात नासपतीचे एक झाड आहे. इकडे नासपतीच्या दोन मुख्य जाती लोक ओळखतात. कठीण, कुरकुरीत, दाताखाली वाळूसारखी लागणारी ती नाख. आणि मऊ, रसाळ, पिकल्यावर हनुवटीवरून ओघळणारी ती बब्बूगोशा. ही वाळू म्हणजे खरोखर फळातील दगडी पेशींचे पुंजके असतात, आणि गाभ्याजवळ ते अधिक दाट असतात. आमचे झाड मऊ जातीचे. शेजारच्या बंगलीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारा परिसर त्यांना मॅडमजी म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांच्या मते हे झाड बार्टलेट जातीचे आहे.

या बार्टलेटची कथा बदलीवर जगणाऱ्या माणसाने ऐकावी अशी आहे. इंग्लंडात बर्कशर परगण्यातील आल्डरमास्टन येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका शाळामास्तरांच्या बागेत हे झाड प्रथम नजरेस आले. पुढे विल्यम्स नावाच्या रोपवाटिकेवाल्याने त्याचा प्रसार केला, आणि ते त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या शतकाच्या अखेरीस काही झाडे अमेरिकेत गेली. जाताना नाव मागे राहिले. मॅसॅच्युसेट्समध्ये ज्या मळ्यात ती लागली होती, तो मळा इनॉक बार्टलेट या गृहस्थाने विकत घेतला, झाडांना नाव नाही असे पाहिले, आणि खुशाल आपले दिले. दोन्ही झाडे एकच, हा उलगडा १८२८ मध्ये युरोपातून नवी रोपे आली तेव्हा झाला. पण तोवर अमेरिकेच्या तोंडी बार्टलेट बसले होते. बदलीच्या वेळी सेवापुस्तिका मागे राहिली, की नव्या ठिकाणी काय काय होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

सरकारी आवारातील फळ सरकारचे, ही गोष्ट आमच्यासारख्याला कोणी सांगायला नको. पहिल्या वर्षी आम्ही रीतसर पत्र लिहिले, की फळांचा लिलाव व्हावयाचा आहे काय. उत्तर येईपर्यंत माकडांनी सर्व फळे कच्चीच खाऊन टाकली, बऱ्याच फळांचा एकेक चावा घेऊन ती अंगणात भिरकावली, आणि प्रकरण निकालात निघाले. दुसऱ्या वर्षी उत्तर आले: एका झाडासाठी लिलावाचा खटाटोप परवडणारा नाही, राहणाऱ्याने उपभोग घ्यावा. आम्ही तरीही दोनशे रुपये भरले आणि पावती घेतली. ही पावती पाहून आमच्या सौ. बराच वेळ हसल्या होत्या.

तर त्या श्रावणात माळ्याने माकडांच्या आधी डाव साधला. टोपलीभर हिरव्या, दगडासारख्या नासपत्या त्याने व्हरांड्यात आणून ओतल्या. आमची समजूत अशी, की कच्चे फळ तोडले म्हणजे वाया गेले. आई दारात येऊन उभी राहिली. एक फळ उचलून तिने देठाशी हुंगले.

‘ह्यांची अढी घालायला हवी,’ ती म्हणाली.

दोन महिन्यांत विचारल्यावाचून काढलेले तिचे हे पहिले वाक्य. आईचे माहेर राजापुराकडचे. तिथे माळ्यावर भाताच्या पेंढ्यात आंब्यांची अढी लागे, आणि कोणत्या थरातले फळ कोणत्या दिवशी खाली यायचे, हे घरातल्या बायका नुसत्या वासावरून सांगत. आंब्याचे ज्ञान नासपतीला कसे लागू पडणार, अशी शंका आम्ही बोलून दाखविली. आणि ती शंका पार चुकीची ठरली. संध्याकाळी मॅडमजींनी सांगितले, की नासपती झाडावर पिकू दिली तर आतून बाहेर पिकत येते. साल हिरवी असते आणि गाभा तोवर बसलेला असतो. म्हणून ती पुरती वाढली की कठीणच उतरवायची, आणि घरात पिकवायची. पिकली की नाही, हे पोटाशी दाबून पाहायचे नसते, देठाजवळ मानेशी अंगठा टेकवून पाहायचे. आई म्हणाली, ‘मग काय वेगळं सांगितलं त्यांनी?’

पेंढा नव्हता. आईने जुनी वर्तमानपत्रे मागितली. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक रिकामी केली, एकेक फळ कागदात गुंडाळले, देठ वर करून मांडले, मध्ये कागदाचा थर, पुन्हा फळे. चौसष्ट भरली. मनगटात रॉड असलेल्या त्या हाताने हे सारे तिने एकटीने केले. आम्ही कागद फाडून देण्याचे काम केले, आणि तेही फार मोठे फाडतो म्हणून बोलणी खाल्ली. मग रोज सकाळ-संध्याकाळ ट्रंकेचे झाकण उघडून वास घेणे सुरू झाले. सहाव्या दिवशी खोलीत वास भरला. सातव्या दिवशी तिने चौदा नासपत्या वर काढल्या आणि आमच्यापुढे ठेवल्या. आता ह्यांचे काय करायचे, असा प्रश्न तिच्या मुद्रेवर होता.

कापून खाव्या, हे सरळ उत्तर. पण तिचे दात नाहीत, आणि कवळी तिला आवडत नाही. आम्ही मॅडमजींकडे गेलो. त्यांनी एका पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलेली कृती दिली, आणि तीबरोबर काचेचे एक खोलगट भांडेही दिले. पदार्थाचे नाव क्रम्बल. खाली फळांच्या फोडी, वर पीठ, लोणी आणि साखर यांचा भुगा, आणि सारे भट्टीत. एवढेच.

हा इंग्रजांच्या घरचा पदार्थ. त्यांच्या ‘पाय’ला पोळीसारखी पारी लाटावी लागते, आणि तीत लोणी फार जाते. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० पासून, इंग्लंडात लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर आली. एका माणसाला आठवड्याला कधी कधी दोनच औंस, म्हणजे सत्तावन्न ग्रॅम लोणी मिळे. अशा दिवसांत पारीऐवजी भुगा पेरण्याची ही युक्ती घरोघर पसरली, असे सांगतात. शिधावाटप १९५४ मध्ये संपले, भुगा मात्र राहिला. टंचाईतून आलेल्या पदार्थांचे असेच होते. आपले पिठले तरी काय?

आईने एकच प्रश्न विचारला. ‘ह्यात अंडं?’

बेकरीचा कोणताही पदार्थ तिने आयुष्यात तोंडात घातला नाही, तो याच एका कारणासाठी. आम्ही पुठ्ठा दोनदा वाचला. अंडे नव्हते. सोबत कस्टर्ड घ्यावे असे मात्र लिहिले होते. त्यावर मॅडमजी म्हणाल्या, की डब्यातल्या कस्टर्डच्या भुकटीतही अंडे नसते. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या रसायन जाणणाऱ्या गृहस्थाने ती शोधली, तीच मुळी त्याच्या बायकोला अंडे सोसत नसे म्हणून. आईला हा गृहस्थ आवडला. पण कस्टर्ड नको, साय आहे, असे तिने ठरविले.

रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही कामास लागलो. स्वयंपाकघरात आम्ही अधिकाराने उभे राहण्याचा तो पहिलाच प्रसंग. आईला खुर्ची आणून दिली. फोडी करण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले. साल काढावी, गाभा कोरावा, फोड अंगठ्याएवढी जाड ठेवावी, नाही तर शिजून लगदा होतो. त्यावर लिंबू पिळले, फोडी काळ्या पडू नयेत म्हणून. दोन चमचे साखर. पुठ्ठ्यावर दालचिनी होती. आईने जायफळ मागितले, आणि किसणीवर असे किसले की ती जणू पुरणच वाटायला घेणार होती.

मैदा आमच्याकडे होता. प्रमाण हिशेबी माणसाला आवडेल असे: दोन भाग पीठ, एक भाग लोणी, एक भाग साखर, सारे वजनाने. दोनशे ग्रॅम, शंभर, शंभर. लोणी गारच हवे, चौकोनी तुकडे करून पिठात टाकायचे, आणि बोटांनी चोळायचे. आम्ही चोळू लागलो. पाच मिनिटांत परातीत एक पिवळा, चिकट, तुकतुकीत गोळा झाला.

‘अरे, पोळ्या लाटायच्या आहेत का तुला?’ आई म्हणाली. ‘चुरायचं म्हणतोस आणि मळतोयस.’

‘कृतीत चोळा असंच लिहिलंय.’

‘मोहन आहे हे. मोहन काय असं घालतात?’

शंकरपाळ्यांना, करंजीला, चकलीला मोहन घालतात हे आम्ही ऐकून होतो; ते कशासाठी घालतात, याचा विचार वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत करण्याची पाळी आली नव्हती. पिठाच्या कणाकणाला स्निग्धाचा लेप बसला, की पाणी लागूनही कण एकमेकांना घट्ट धरीत नाहीत, आणि पदार्थ खुसखुशीत होतो. इंग्रजांचा भुगा आणि आपले मोहन ही एकाच विद्येची दोन नावे आहेत. आईने नवे पीठ घ्यायला लावले, दुसरी वडी कापायला लावली, आणि परात आपल्या मांडीशी ओढली.

‘तुझे हात गरम आहेत,’ ती म्हणाली. ‘लोणी वितळतं. माझे बघ.’

तिने हात पुढे केला. आम्ही तो हातात घेतला. खरोखर गार होता. नुसता गार नव्हे, झऱ्यातल्या दगडासारखा. डॉक्टर नाडी पाहत, सौ. तेल लावून देत. आम्ही स्वतः तो हात याआधी केव्हा धरला होता, याचा हिशेब लागेना. वाईहून निघताना मोटारीत बसविताना धरला असेल.

ती बोटांची टोके तेवढी चालवीत होती. पीठ उचलायचे, अंगठ्याने बोटांवर घासायचे, वरून सोडून द्यायचे. पीठ हळूहळू रव्यासारखे झाले, मग भरड रव्यासारखे. मूठ वळून पाहिली. मूठ राहिली, आणि बोटाने टोचताच फुटली. ‘झालं,’ ती म्हणाली. आम्ही साखर मिसळली, फोडींवर भुगा पेरला, दाबला नाही. पापड आणि वीजबिले बाहेर काढलेल्या भट्टीत, एकशे ऐंशी अंशांवर, भांडे आत गेले. आमचा बिघडलेला गोळा आईने झाकून बाजूस ठेवला. टाकू दिला नाही.

सिमल्याची उंची बावीसशे मीटरांच्या आसपास. इथे पाणी ब्याण्णव-त्र्याण्णव अंशांवरच उकळते. त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही, चहा मनासारखा होत नाही, आणि केक फसफसून वर येतो व मग मध्ये खचतो. क्रम्बलचे मात्र तसे नाही. तो फुगतच नाही, तेव्हा खचण्याची भीती नाही. हे गुण आम्ही मनाशी वाखाणीत होतो, तोच बाविसाव्या मिनिटाला वीज गेली.

बाहेर धुके उतरले होते. देवदार दिसेनासे झाले होते. पत्र्यावर पाऊस होता. मेणबत्ती सापडली, पण आईने लावू दिली नाही. एवढा उजेड पुरे, म्हणाली. भट्टीचे दार उघडायचे नाही, आतली ऊब जाऊ द्यायची नाही, एवढेच आमच्या हाती होते. आम्ही दोघे तिच्यासमोर बसून राहिलो. लोण्याचा आणि जायफळाचा वास मंद येत होता.

‘परवा नानांची तिथी,’ आम्ही म्हटले.

‘हं.’

पुढचे वाक्य आम्ही ठरवून बोललो असे नाही. अंधारात माणसाचे तोंड दिसत नाही, हेच कारण असावे. ‘मी वेळेवर पोचलो नाही, आई.’

‘दरड पडली होती.’

‘तरी. ते वाट पाहत होते.’

‘कोण म्हणालं?’

आम्ही त्या नातलगांचे नाव सांगितले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने जीभ टाळ्याला लावून तो बारीकसा आवाज केला, जो ती भाजीत मीठ जास्त झाले की करते.

‘ते तसं म्हणायची रीत असते रे,’ ती म्हणाली. ‘त्या रात्री ह्यांनी तुझं नाव काढलं नाही. दूधवाल्याचं विचारलं. त्यानं दोन दिवस खाडा केला होता, तेवढे पैसे वजा करून दे म्हणाले. मी म्हटलं, बरं. मग झोपले. पहाटे मी उठवायला गेले तर...’ तिने हात हलविला. ‘वाट बघायला जागं राहायला लागतं. ते झोपेत गेले.’

पाऊस वाजत होता. आम्ही विचारले, ‘मग तू वजा केलेस?’

‘तेराव्यानंतर. अठ्ठेचाळीस रुपये. तो घेईना, मीही सोडले नाहीत.’

अकरा वर्षे आम्ही जे वाहिले, ते नव्हतेच. नानांनी आमची वाट पाहिली नाही. त्यांच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांच्या मनात आम्ही नव्हतो, दूधवाला होता. हे ऐकून हायसे वाटले की वाईट वाटले, ते आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. नाना पंचायत समितीत कारकून होते. खाडा वजा करणे हे त्यांच्या स्वभावात बसणारे होते, आणि आमच्याही. ‘तू कधी सांगितलं नाहीस,’ आम्ही म्हणालो.

‘तू कधी विचारलं नाहीस.’

चाळीस मिनिटांनी वीज आली. भट्टीचा दिवा लागला, तेव्हा आईने पुढे वाकून काचेतून पाहिले. भुगा होता तसाच होता, खाली कडेने रसाचे दोन बुडबुडे आलेले. पुन्हा पंचवीस मिनिटे दिली, अंदाजाने. कडेला एका बाजूस जास्त लागले. ही भट्टी राजकोटपासून त्या बाजूची आहे. मधला भाग मात्र सोन्यासारखा झाला, आणि रस भुग्यातून वर येऊन जागोजाग काकवीसारखा चिकटला होता.

दहा मिनिटे निवू द्यावे, असे पुठ्ठ्यावर लिहिले होते. आईने वाटी धरली. खाली फोडी, वर भुगा, त्यावर साय. पहिला घास तिने तोंडात बराच वेळ ठेवला. फोडी जिभेने मोडण्याइतक्या मऊ होत्या. भुगा सायीत भिजत होता, तरी दाताविना कुरकुरल्याचा आवाज आला, हे आम्ही शपथेवर सांगू.

‘जायफळ थोडं जास्त झालं,’ ती म्हणाली, आणि वाटी पुढे केली. ‘वरचं घाल. करपलेलं पण चालेल.’

रात्री पुण्याचा दूरध्वनी आला. चित्रासह बोलणे झाले. पणती झोपली होती, तिच्या मुठी तेवढ्या दिसल्या. सौ.नी विचारले, काय जेवलात? आईने सांगितले, ‘ह्यानं नासपतीचा चुरा केला. मोहन मी घातलं.’ पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग त्यांनी आमच्याकडे पाहत विचारले, ‘भट्टी चालते?’

मॅडमजींचे भांडे परत करायचे होते. रिकामे भांडे परत द्यायचे नसते, हे आमच्या घरचे कलम माफ होणारे नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयातून आलो, तेव्हा झाकून ठेवलेल्या त्या बिघडलेल्या गोळ्याचे आईने काय केले होते, ते कळले. त्यात साखर आणि दूध घालून, लाटून, कातण्याने कापून त्याचे शंकरपाळे तळले होते. भांडे भरून शेजारी गेले. मॅडमजींनी ते खाऊन काय म्हटले, ते आईने आम्हांस सांगितले. पण मॅडमजी हिंदी बोलतात आणि आई मराठी, तेव्हा त्या संभाषणाबद्दल आम्ही साक्ष देऊ शकत नाही.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा ट्रंक ओढली. कागद उलगडून, एकेका नासपतीच्या मानेला अंगठा लावून, वरच्या थरातल्या अकरा तिने बाजूस काढल्या आणि पुन्हा गुंडाळल्या.

‘ह्या बुधवारी होतील,’ ती म्हणाली. ‘बुधवारी लवकर ये.’

बुधवारी साडेचार वाजता आमच्याकडे एक बैठक होती. ती आम्ही दुपारी दोनवर घेतली.